हॉलची एक भिंत, चार गडद रंग : प्रकल्प नोंदी

१५ सप्टेंबर २०२४, रविवार

गणपती जाऊन आता चार दिवस झाले आणि हॉलची ती भिंत डोळ्यात खुपायला लागलीये. दरवर्षी मखराच्या मागे आईंचा (म्हणजे सासूबाईंचा) जुना जांभळा शालू लावतो, यावेळी तो जरा मोठा पसरून लावला होता आणि अख्ख्या हॉलला काहीतरी भारदस्त रूप आलं होतं, सागवानी शोकेस, पितळेची समई, सगळं एकदम उठून दिसत होतं. शालू घडी करून कपाटात गेला आणि मागे परत तोच मळका क्रीम रंग, आठ वर्षांपूर्वीचा, पंख्याच्या रेग्युलेटरभोवती बोटांचे डाग असलेला.

नवऱ्याला म्हणलं, ही भिंत गडद करूया. तो म्हणाला किती गडद, मी म्हणलं शालूइतकी. तो गप्प बसला, म्हणजे विरोध नाही असं धरून ही वही सुरू करतेय, कारण मागच्या वेळी बेडरूमचा रंग ठरवताना कोण काय म्हणालं होतं यावरून दिवाळीपर्यंत भांडलो होतो.

मोजमाप घेतलं. भिंत १५ फूट लांब, साडेनऊ फूट उंच, म्हणजे साधारण १४३ चौरस फूट. बाल्कनी पश्चिमेला आणि ही भिंत बाल्कनीला काटकोनात, त्यामुळे दुपारी चारनंतर ऊन भिंतीला घासून जातं. याचा पुढे त्रास होणारे हे तेव्हा माहीत नव्हतं.

१८ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. आई म्हणाल्या, रंगाचं काम आत्ता काढायचं नाही. मी विचारलं नुसते नमुने बघितले तर चालेल का. त्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाल्या बघण्याला काय, बघ.

मग स्वतःच म्हणाल्या की घरात काळी भिंत कशाला हवी, आमच्या माहेरी सगळ्या भिंती काळ्याच होत्या. चुलीची काजळी. दर दिवाळीला चुना लावायचा, हाताची सालं निघायची, आणि संक्रांतीपर्यंत परत काळं. "त्यातून सुटलो तेव्हा कुठे पांढऱ्या भिंतीत आलो" म्हणाल्या. याच्यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. मला गडद भिंत हॉटेलात नि मोबाईलवर दिसते, त्यांना धुरात दिसते.

१९ सप्टेंबर

दुकानात गेले. शेठनी शेडकार्डाचा गठ्ठा काढून दिला आणि वर म्हणाले की डार्कमध्ये लोक घेतात आणि महिन्याने परत येतात, लाईट करून द्या म्हणून. माल विकणारा माणूसच असं बोलतोय म्हणल्यावर जरा विश्वास बसला.

कार्डावरचा चौकोन दोन बोटांएवढा. त्याच्याभोवती पांढरा कागद, त्यामुळे कुठलाही गडद रंग आहे त्यापेक्षा जास्त काळा दिसतो, आणि घाबरून आपण एक पायरी फिका घेतो, आणि मग भिंतीवर तो धड गडदही नाही आणि फिकाही नाही असा बसतो. नणंदेकडे हेच झालंय, तिचा "राखाडी" आता सिमेंट दिसतो.

काही कार्डांच्या मागे एलआरव्ही नावाचा आकडा असतो, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो त्याचं माप, शून्य म्हणजे पूर्ण काळा आणि शंभर म्हणजे पूर्ण पांढरा. आमचा क्रीम सत्तर-ऐंशीच्या घरातला असेल, आणि मी काढलेले सगळे रंग दहाच्या खाली. म्हणजे त्या भिंतीवर पडलेला बहुतेक उजेड भिंतच पिऊन टाकणार. हा आकडा कळल्यावर माझ्या लक्षात आलं की नुसता रंग निवडून भागणार नाहीये, दिव्यांचंही बघायला लागणार.

चार निवडले. आमसुली (शालूच्या जवळचा, माझा लाडका), नेव्ही ब्लू (नवऱ्याचा), चारकोल (मोबाईलवर सगळ्यांच्या घरी असतो तो), बॉटल ग्रीन (शेठच्या आग्रहाखातर). प्रत्येकी २०० मिलीचा छोटा डबा मशीनवर बनवून घेतला.

२२ सप्टेंबर, रविवार

भिंतीवर ठिपके मारायचे नाहीत हे मागच्या अनुभवावरून ठरवलं होतं. एक तर क्रीमच्या मधोमध गडद चौकोन फसवाच दिसतो, आणि दुसरं म्हणजे त्या चौकोनाची कड नंतर फायनल रंगाखालूनही उठते. चार मोठी कार्डशीट आणली, कडेपर्यंत रंगवली, पांढरी किनार अजिबात ठेवली नाही, दोन-दोन हात मारले. सकाळचे साडेअकरा ते दुपारचे दोन. बाल्कनीत वाळत घातली तर समोरच्या काकूंनी विचारलं चित्रांचा क्लास काढला का.

ओला असताना प्रत्येक रंग दुधट दिसतो आणि वाळला की एकदम खाली उतरतो. नेव्ही डब्यात असताना शाळेच्या शाईसारखा होता, वाळल्यावर रात्रीच्या आकाशासारखा झाला. ओल्या रंगावरून काहीही ठरवू नये, हे अधोरेखित.

२३ सप्टेंबर

शीट भिंतीला टेपने लावली, उभी, कारण जमिनीवर पडलेला रंग आणि उभा रंग वेगळा दिसतो. नोंद ठेवायला दिवसातून चार वेळा बघायचं ठरवलंय, सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी साडेसहा, रात्री नऊ.

सकाळी सातला आमसुली अप्रतिम. सोलकढीसाठी आमसुलं भिजत घातली होती तो वाडगा शेजारी नेऊन धरला, वाडग्याच्या तळाशी जो काळपट लाल असतो अगदी तोच रंग. मनात म्हणलं झालं, ठरलं.

साडेसहाला ऑफिसमधून आले तर शीट काळी. म्हणजे खरोखर काळी, लाल कुठे गेला कळेना. वाटलं माझ्या डोळ्यांना काहीतरी झालंय. बाल्कनीत कुंडीतलं लाल जास्वंद बघितलं तर तेही काळं आणि त्याची पानं मात्र अजून हिरवी दिसतायत! मग आठवलं, शाळेत की कुठेतरी वाचलं होतं, उजेड कमी झाला की डोळ्याला लाल आधी दिसेनासा होतो आणि निळा-हिरवा त्यामानाने टिकतो, पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे फुलं बघूनच टिपलं होतं. आमच्या घरात आम्ही सगळे जागे, एकत्र, चहा पीत बसलेले असे असतो तो वेळ नेमका संध्याकाळचा. सकाळी सातला त्या भिंतीकडे बघायला कोणाला सवड आहे, डबे भरायचे असतात.

२४ सप्टेंबर

रात्री नऊच्या नोंदी. हॉलमध्ये आपली नेहमीची पांढरी एलईडी ट्यूब, ६५०० केल्विनवाली.

आमसुली : ट्यूबखाली चॉकलेटी, त्यातही शिळं चॉकलेट. स्वस्तातल्या एलईडीच्या उजेडात गडद लाल भाग कमी असतो, त्यामुळे असले रंग मरतात, हे दिव्यांच्या दुकानातल्या पोराने सांगितलं आणि डब्यावरचा सीआरआयचा (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) आकडा पण दाखवला, आमचा ८० निघाला. ९०च्या वरचा घ्या म्हणाला. घेऊ, पण रंग वाचवायला दिवे आणि दिवे वाचवायला अजून काहीतरी, असं किती करणार.

नेव्ही : ट्यूबखाली चांगला निळा दिसतो, पण पिवळा टेबल लॅम्प लावला की सगळा निळा जातो आणि काळपट राखाडी उरतो. नवऱ्याचं म्हणणं की मग ट्यूबच ठेवू. ट्यूबमध्ये तो रंग मला बँकेच्या काउंटरसारखा वाटतो हे मी बोलले आणि तो थोडा नाराज झाला.

चारकोल : हा सगळ्यात फसवा. नुसता बघितला तर राखाडी, पण आमच्या क्रीम टाइल्सच्या शेजारी ठेवला की वांगी दिसतो. प्रत्येक राखाडीच्या पोटात काहीतरी असतं, निळं, हिरवं नाहीतर जांभळं, आणि ते शेजारी पिवळट काही आलं की बाहेर पडतं. शिवाय शेजारचा छोटा येऊन म्हणाला, काकू फळा आणला का, खडू कुठेय. बाद.

बॉटल ग्रीन : याच्याकडून काही अपेक्षा नव्हती. सकाळी हिरवा, दुपारी हिरवा, संध्याकाळी काळपट पण हिरवाच, ट्यूबखाली जरा थंड, लॅम्पखाली शेवाळी. सगळीकडे तो तोच राहतो. शोकेसच्या सागवानाशेजारी ठेवला तर लाकडातला तांबूस रंग एकदम वर आला, आमसुलीशेजारी तेच लाकूड हरवलं होतं, लालात लाल.

तरीपण मन आमसुलीत.

२५ सप्टेंबर

आज पुण्यात जो पाऊस झाला त्याला तोड नाही. ऑफिसमधून घरी यायला तीन तास. आल्यावर बघते तर बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला खालून दीड फूट ओल. आपली ठरलेली भिंत कोरडी आहे, नशीब, कारण मधे एकदा ती बाथरूमवाली भिंत गडद करायचाही विचार होता. ओल आली की मागून खार येतो, पांढरी पावडर, क्रीम भिंतीवर ती वर्ष-वर्ष दिसत नाही आणि गडद भिंतीवर दुसऱ्या दिवशी मीठ सांडल्यासारखी दिसते. ती भिंत आधी वॉटरप्रूफिंग, मग बाकी.

२९ सप्टेंबर, रविवार

पेंटरमामा येऊन गेले. हे आमच्या सोसायटीतली निम्मी घरं करतात. आल्या आल्या रंग कुठला ते विचारलंच नाही, मोबाईलचा टॉर्च काढला, खोलीतला दिवा बंद करायला लावला आणि टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरला. बाप रे. मला सपाट वाटणारी भिंत चंद्रासारखी दिसत होती, खड्डे, उंचवटे, जुन्या खिळ्यांची ठिगळं, वायरिंगच्या खाचेची लांबच्या लांब पट्टी.

"ताई, क्रीममध्ये हे सगळं माफ असतं. डार्कमध्ये नाही. आणि तुमच्याकडे तर ऊन घासून येतंय."

मग मॅट की शाइनवालं यावर अर्धा तास. सगळा घोळ असा की चकाकी जितकी जास्त तितके उंचवटे जास्त दिसतात, म्हणून मॅट हवं. पण गडद मॅटला काही घासलं की तिथे चकाकणारा डाग पडतो आणि तो पुसायला गेलं की अजून मोठा होतो. आणि या भिंतीला लागून दिवाण आहे, दिवाणावर रविवारी डोक्याला खोबरेल तेल लावून टेकून बसायची आमच्याकडे परंपरा आहे. मामा म्हणाले महिन्यात डोक्याच्या उंचीवर टिकल्यांची रांग दिसेल बघा.

नवऱ्याने मधला मार्ग काढला, खालचे चार फूट ऑइलपेंटचा पट्टा आणि वर मॅट. शाळेत असायचा तसा. मी म्हणलं सरकारी दवाखाना होईल. मामा पण हसले पण म्हणाले त्यावेळच्या लोकांना अक्कल होती, हात लागतो तिथे धुता येणारं, वर चुना.

ठरलं : पूर्ण मॅट, दिवाण समोरच्या भिंतीला, या भिंतीला फक्त शोकेस आणि दोन खुर्च्या, त्याही चार इंच पुढे.

१ ऑक्टोबर

आईंना चारही शीट दाखवली. काही न बोलता बघत राहिल्या, मग हिरव्यावर बोट ठेवून म्हणाल्या, हा त्यातल्या त्यात जिवंत आहे. मी म्हणलं पण तुम्हाला गडद नको ना. त्या म्हणाल्या काजळीचा काळा वेगळा, तो हाताला लागायचा.

नंतर मला डहाणूकडच्या वारली घरांची आठवण झाली, पूर्वी एका लग्नाला तिकडे गेलो होतो. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेल्या, वर गेरू, म्हणजे भिंत चांगली गडद, आणि त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रं. लग्नाचा चौक (लग्नात काढायचं चौकोनी चित्र) तिथे बायका भिंतीवर लिहितात. तीच चित्रं कागदावर, कॅनव्हासवर नेऊन वारली चित्रकार जिव्या सोमा मशे जगभर पोचले, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पांढऱ्या भिंतीवर तीच चित्रं काढली असती तर दिसली असती का? गडद भिंत आपल्याकडे नवीन फॅशन आहे असं म्हणणाऱ्यांना हे दाखवलं पाहिजे, नणंदेपासून सुरुवात.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज नवरात्रीतला हिरवा, सगळं ऑफिस पोपटीपासून रामा ग्रीनपर्यंत. मी रंग ठरवायला हाच दिवस धरला यात काही शास्त्र नाही, योग जुळून आला इतकंच.

पण कुठला हिरवा यावर परत अडकले. बॉटल ग्रीनच्याच आजूबाजूचे दोन काढले, एक मोरपंखीकडे झुकणारा आणि एक शेवाळीकडे. निळसर हिरवा ट्यूबखाली ऑपरेशन थिएटर. शेवाळी, ज्यात काळा आणि पिवळा जास्त आहे, तो डब्यात बघितला तर गढूळ पाण्यासारखा, कोणी पैसे देऊन घेणार नाही असा. पण मोठ्या शीटवर तोच शांत बसला. एक कळलं की छोट्या तुकड्यावर जो रंग छान, स्वच्छ वाटतो तो दीडशे चौरस फुटांवर ओरडतो, आणि तुकड्यावर जो मळकट वाटतो तो भिंतीवर नीट. शेवाळीवाला फायनल.

आमसुलीचं शीट फेकवलं नाही, कपाटाच्या मागे ठेवलंय.

१४ ऑक्टोबर, सोमवार

दसरा झाला, काम सुरू. खरवडणं, खाचेत लांबी (खड्डे बुजवायचा लगदा) भरणं, मग अख्ख्या भिंतीवर पुट्टीचे दोन हात. शोकेस हलवायला चार माणसं लागली आणि मागे २०१७ चं हरवलेलं लाईटबिल सापडलं.

१६ ऑक्टोबर

घासाई. आधी १८० नंबरचा पॉलिश पेपर, मग ३२०. धूळ भाकरीच्या पिठासारखी सगळीकडे, फ्रीजच्या आत पण. कशी गेली देव जाणे. रात्री कोजागिरीचं दूध गच्चीवर प्यायलो कारण घरात बसायला जागाच नव्हती. परत येऊन नवरा आणि मी टॉर्च घेऊन भिंत तपासत बसलो, जिथे सावली दिसेल तिथे पेन्सिलने गोल. एकोणीस गोल झाले. सकाळी मामांनी ते बघितले आणि म्हणाले आता तुम्ही पण या कामाला लागा.

१७ ऑक्टोबर

एकोणीस गोल परत भरले, घासले, मग प्रायमर. इथे मामांची करामत : पांढऱ्या प्रायमरमध्ये काळा स्टेनर (रंगात मिसळायचा दाट रंग) टाकून तो मधल्या राखाडीवर आणला. कारण असं की गडद शेड ज्या बेसमध्ये बनते त्यात पांढरं रंगद्रव्य फारच कमी असतं, पांढरं जास्त असेल तर रंग गडद होणारच कसा, पण झाकायची ताकद मोठ्या प्रमाणात त्या पांढऱ्याचीच. म्हणून गडद रंग डब्यात दाट वाटला तरी भिंतीवर खालचं दाखवतो. खाली राखाडी असेल तर एक हात वाचतो. हे शेठनी सांगितलं नव्हतं.

लिटरला साधारण साडेसहाशे लागले, एक-एक लिटरचे तीन डबे. दोन हातांना लिटरभर पुरेल असं कंपनीचं गणित सांगतं, पण मामा म्हणाले तीन हात धरा आणि थोडा हाताशी ठेवा. तिन्ही डबे मोठ्या बादलीत एकत्र ओतून ढवळले, कारण मशीनवर एकाच कोडचे डबे बनवले तरी एखादा थेंब इकडेतिकडे होतो, आणि भिंतीच्या मधोमध ते कळलं तर रडायची वेळ.

१८ ऑक्टोबर

पहिला हात. मी घरून काम करत होते आणि दर दहा मिनिटांनी येऊन बघत होते, ते नको करायला हवं होतं. ठिकठिकाणी ढगाळ, कुठे राखाडी दिसतोय, कुठे हिरवा, कडेला ब्रशचं कटिंग वेगळं आणि मधे रोलर वेगळा. नवऱ्याला फोटो पाठवला, त्याने फक्त "अरे" एवढंच लिहिलं. जेवले नाही दुपारी.

मामांनी पंखा बंद करायला लावला. ऑक्टोबर हीट, पंख्याशिवाय घामाच्या धारा, पण रोलरची ओली कड वाळायच्या आत पुढचा पट्टा चढला नाही तर जोड दिसतो. म्हणून दोघंजण, एक कडेचं कटिंग करतोय आणि दुसरा लगेच मागून रोलर, डावीकडून उजवीकडे न थांबता, चहासुद्धा भिंत संपल्यावर.

चार तासांनी दुसरा हात. तेव्हा जीवात जीव आला.

१९ ऑक्टोबर

तिसरा हात सकाळी. दुपारपर्यंत वाळला. साडेचारला ऊन आलं आणि भिंतीला घासून गेलं, आम्ही तिघं उभे राहून बघत होतो, परीक्षेचा निकाल लागतो तसं. वायरिंगच्या खाचेची पट्टी शोधली तर सापडते, माहीत नसेल त्याला नाही दिसणार. एका कोपऱ्यात छताची रेघ वाकडी निघाली, छतच वाकडं आहे, क्रीममध्ये आठ वर्षं कोणाला कळलं नव्हतं.

आणि एक गोष्ट कोणीच सांगितली नव्हती : पांढरे स्विचबोर्ड. हिरव्यावर दातांसारखे दिसतायत. राखाडी प्लेट बघायला लागणार.

२० ऑक्टोबर, रविवार

दिवे. छताची ट्यूब ठेवली, आईंना पेपर वाचायला तीच लागते, पण शोकेसच्या बाजूला ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळट उजेडाचा, एक उभा लॅम्प आणि भिंतीवर वरून खाली पडणारा एक छोटा दिवा, दोन्ही सीआरआय ९०च्या वरचे. भिंत उजेड पिते म्हणून ट्यूब अजून मोठी घेण्यापेक्षा जिथे बसतो तिथे दिवा आणला हे बरं झालं. संध्याकाळी ट्यूब बंद करून नुसते हे दोन लावले तर समईच्या पितळेवर उजेड आणि मागची भिंत लांब गेल्यासारखी. हॉल लहान दिसेल अशी सगळ्यांची भीती होती, तर कोपराच दिसेनासा झाला, म्हणजे भिंत नक्की कुठे संपते ते पटकन कळत नाही.

धूळ मात्र दिसते. मारलेला डास तर फारच दिसतो.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

नणंद येऊन गेली, भिंतीसमोर ओवाळणीचे फोटो काढले, सगळ्यांचे चेहरे उजळ आलेत. तिने शेडचा कोड मागितला. डब्याच्या झाकणावरचं लेबल कापून वहीत चिकटवलं होतं ते दाखवलं. चारशे-साडेचारशे मिली रंग उरलाय, झाकण ठोकून, डबा उलटा करून माळ्यावर ठेवलाय.

सगळे गेल्यावर ट्यूब लावली तर उजव्या खुर्चीच्या मागे, जमिनीपासून साधारण सव्वातीन फुटांवर, पाच रुपयाच्या नाण्याएवढा चकाकणारा डाग. नरकचतुर्दशीला तेल लावून कोण तिथे बसलं होतं यावर घरात एकमत नाहीये. आई म्हणतात मी समोरच्या दिवाणावर होते. नवरा म्हणतो मला आठवत नाही. त्याला खुर्चीत बसवून टेपने डोक्यापर्यंतची उंची मोजली, तीन फूट तीन इंच.

टचअप करायचं नाही असं मामांनी बजावलंय, मॅटवर ठिगळ दिसतं. खुर्ची अजून चार इंच पुढे ओढली.